अर्धा व्होल्ट कुठे मुरतो?

इंग्लंडच्या कालव्यांवर रात्री आठ वाजले की काठाला बांधलेल्या बोटींची इंजिनं थांबतात. कालवे सांभाळणाऱ्या ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’चा तसा नियम आहे: आजूबाजूला वस्ती किंवा दुसऱ्या बोटी असतील, तर रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात वीज बनवण्यासाठी इंजिन चालवायचं नाही. पुढचे बारा तास दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज, फोन, टीव्ही हे सगळं इंजिनाशेजारी ओळीने ठेवलेल्या तीन-चार बॅटऱ्यांच्या भरवशावर. त्या भरवशाच्या आहेत का, ते सकाळी कळतं. नळ उघडल्यावर पंप रडत फिरतो, फ्रीजमधलं दूध कोमट लागतं आणि बोटमालक म्हणतो, ‘बॅटऱ्या गेल्या.’

बॅटऱ्या खरोखरच गेलेल्या असतात. पण त्या कशाने गेल्या, हा प्रश्न कालव्याकाठी गेली कित्येक वर्षं घोळतो आहे. अल्टरनेटर छोटा होता, बॅटरी स्वस्तातली होती, फ्रीज जास्त खातो, अशी उत्तरं हमखास मिळतात. मधल्या वायरिंगकडे बोट सगळ्यात शेवटी दाखवलं जातं.

नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद आणि लांबीला पन्नास-साठ, क्वचित सत्तर फूट भरणारी पोलादी बोट. तिची रुंदी अठराव्या शतकात ठरली. जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या पिढीच्या अभियंत्यांनी मिडलंड्समधल्या कालव्यांवर बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारे-उतरवणारे लॉक सात फुटांचे बांधले, आणि बोटींनी ते माप मुकाट्याने स्वीकारलं. कोळसा वाहणाऱ्या त्या जुन्या बोटी घोडा ओढायचा, पुढे इंजिन आलं, पण मागच्या दहा फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब रॉकेलच्या दिव्यावर राहायचं. आज मालवाहतूक जवळजवळ संपली आहे. ट्रस्टच्या सुमारे २,००० मैलांच्या जाळ्यावर ३५,००० च्या आसपास बोटी आहेत. त्यांतल्या हजारो बोटींना कायमचा धक्का नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीला एका जागी सर्वसाधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. काठावर प्लग नाही, मीटर नाही. वीज येणार ती इंजिनातून किंवा छतावरच्या सोलर पॅनलमधून, आणि डिसेंबरातल्या इंग्लिश सूर्यावर कुणी फ्रीज चालवायला जात नाही.

भारनियमनाच्या दिवसांत घरी इन्व्हर्टर बसवून त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतत बसलेल्या मराठी वाचकाला हे यंत्र अनोळखी नाही. फरक वेळेचा आहे. घरात चार तास वीज गेली, तरी उरलेले वीस तास इन्व्हर्टरला बॅटरी भरायला मोकळे मिळायचे. नॅरोबोटीवर गणित उलटं: खर्च चोवीस तास, भरणा इंजिन चालेल तेवढाच.

आणि शिशाच्या बॅटरीला घाई चालत नाही. तहानलेला माणूस पहिला तांब्या घटाघटा संपवतो आणि दुसरा घोट घोट घेतो, तसं तिचं असतं. रिकामी असताना ती प्रवाह भराभर ओढते. ८० टक्क्यांच्या आसपास पोचली की आपणहून हात आखडता घेते. उरलेल्या २० टक्क्यांना सुरुवातीच्या भरण्याहून जास्त तास लागतात. चार लीझर, म्हणजे घरगुती वापराच्या, बॅटऱ्या, प्रत्येकी ११० अँपिअर-अवर, म्हणजे ४४० चा साठा धरू. दिवसाचा खर्च १०० धरला, तर त्यातला तिसरा हिस्सा एकटा फ्रीज खातो. ७० अँपिअरचा अल्टरनेटर हा खड्डा दीड-दोन तासांत भरेल असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तासाभरातच प्रवाह उतरू लागतो आणि चार-पाच तासांनंतरही काठोकाठ भरलेली बॅटरी हाती येत नाही. भरली हे ओळखायची खूण ठरलेली आहे: व्होल्टेज १४.४ वर टिकलेलं असताना प्रवाह साठ्याच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे इथे पाच ते नऊ अँपिअरवर उतरायला हवा. बहुतेक लोक त्याच्या खूप आधी इंजिन बंद करतात. रोज थोडी उपाशी राहिलेली बॅटरी आतून सल्फेट धरते, स्फटिक कडक होत जातात, आणि ४४० चा साठा वर्षा-दीड वर्षात नावापुरता उरतो.

म्हणूनच इथे अर्ध्या व्होल्टला किंमत आहे. टर्मिनलवर १४.४ व्होल्ट पोचले तर शेवटचे २० टक्के काही तासांत भरतात. १३.९ पोचले तर तेच काम इतकं रेंगाळतं, की इंजिनाच्या तासांत ते होतच नाही.

अल्टरनेटरची रचना साधी आहे. रोटरच्या गुंडाळीत तीन-चार अँपिअर सोडले की ती चुंबक बनते. ती फिरली की भोवतीच्या स्टेटरमध्ये तीन फेजची वीज तयार होते. सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात. आणि रेग्युलेटर व्होल्टेज बघून रोटरचा प्रवाह कमी-जास्त करतो. कळीचा मुद्दा रेग्युलेटर व्होल्टेज बघतो कुठे, हा. बहुतेक अल्टरनेटरमध्ये तो स्वतःच्याच टर्मिनलवर बघतो. तिथे १४.४ दिसले की त्याच्या दृष्टीने काम झालं. पुढच्या वायरीत, वायरीच्या टोकाच्या लगमध्ये, बॅटरी तोडणाऱ्या आयसोलेटर स्विचमध्ये अर्धा व्होल्ट मुरला, तर त्याची त्याला गंधवार्ता नसते.

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही या वायरिंगचाच भाग आहे. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, त्यामुळे तो नुसता सूचना देणारा दिवा वाटतो. खरं तर सव्वादोन वॉटच्या त्या बल्बमधून जाणारे पावणेदोनशे-दोनशे मिलिअँपिअर रोटरला पहिलं चुंबकत्व देतात. बल्ब उडाला, किंवा कुणी हौसेने त्याजागी एलईडी बसवला, की रोटरपर्यंत पुरेसा प्रवाह जात नाही. अल्टरनेटर नुसता फिरत राहतो आणि एकदा जोरात रेस दिल्याशिवाय जागा होत नाही. यात कित्येक चांगले अल्टरनेटर नाहक बदलले गेले आहेत.

बोटीवर बॅटऱ्यांचे दोन संसार असतात. एक सेल्फची बॅटरी, फक्त इंजिन सुरू करण्यासाठी. दुसऱ्या घरगुती बॅटऱ्या. रात्रभर दिवे जळले तरी सकाळी सेल्फ लागलाच पाहिजे, म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवायच्या; पण अल्टरनेटर एकच असेल तर दोन्ही भरायच्याही. हे जमवण्याच्या रीती पिढ्यांनुसार बदलत आल्या.

सगळ्यात जुनी रीत फिरवायच्या स्विचची: एक, दोन, दोन्ही, बंद. यात सगळी भिस्त माणसाच्या आठवणीवर. चालू इंजिनात तो ‘बंद’कडे फिरवला, तर अल्टरनेटरचा भार एका क्षणात नाहीसा होतो, व्होल्टेज उसळी घेतं आणि डायोड जळतात. त्यानंतर डायोडचा स्प्लिटर आला. त्यात हलणारा भाग नाही, विसरण्यासारखं काही नाही. मात्र साधा सिलिकॉन डायोड जवळपास ०.७ व्होल्ट गिळतो. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर बॅटरीला १३.५ मिळतात. बॅटरीजवळून व्होल्टेज मोजणारा रेग्युलेटर असेल तर हे भरून निघतं, नसेल तर या सोयीची किंमत बॅटऱ्या चुकवतात. डायोडच्या जागी मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरणारे नवे स्प्लिटर ही गळती जवळजवळ मिटवतात.

तिसरी रीत रिलेची. चार्जिंगचा दिवा विझला की रिले दोन्ही संसार जोडतो, इंजिन थांबलं की तोडतो. त्याचाच शहाणा भाऊ म्हणजे व्होल्टेज बघून चालणारा रिले: १३.३ च्या आसपास जोडतो, १२.८ च्या आसपास सोडतो. तो स्वस्त आहे, गळती नगण्य, आणि आज सर्वांत जास्त बोटींवर हाच दिसतो. दोष असतो तो बहुधा मापाचा. ७० अँपिअर सोसणारा रिले १७५ अँपिअरच्या अल्टरनेटरसमोर उभा केला, तर त्याचे संपर्क एक दिवस चिकटून बसणार, आणि दोन्ही संसार कायमचे एक होणार.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे, आणि जाणकारांचं त्यावर बरंचसं एकमत आहे. पूर्वी अल्टरनेटरची जाड वायर सेल्फच्या बॅटरीवर जायची आणि तिथून रिलेमार्गे घरगुती बॅटऱ्यांना उरलंसुरलं मिळायचं. पण सेल्फ खातो किती? ३०० अँपिअर, तीन सेकंद: म्हणजे पाव अँपिअर-अवर. फ्रीज तेवढं काही मिनिटांत खातो. तेव्हा अल्टरनेटर थेट घरगुती बॅटऱ्यांना जोडावा आणि सेल्फच्या बॅटरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिले ठेवावा. मोठा प्रवाह रिलेतून जातच नाही, आणि चुकून कुणी स्विच फिरवला तरी अल्टरनेटर उघडा पडत नाही.

नव्या बोटींवर इंजिनालाच दोन अल्टरनेटर असतात. ग्लॉस्टरशरमधली बीटा मरीन ही कंपनी कुबोटाच्या इंजिनांपासून कालव्यांसाठी इंजिनं बनवते. तिच्या इंजिनांवर सेल्फसाठी छोटा आणि घरासाठी १७५ अँपिअरचा, अशी जोडी पाहायला मिळते. वायरिंग सोपं, रिलेची कटकट नाही. त्यावरचा वाद वेगळाच: दोन्ही अल्टरनेटर मिळून घरगुती बॅटऱ्या भराव्यात का? पहिल्या तासाभरात, बॅटरी भुकेली असताना, फायदा होतो. शेवटच्या २० टक्क्यांत शून्य, कारण तिथे प्रवाह किती घ्यायचा हे बॅटरी ठरवते. मोठ्या अल्टरनेटरचं ओझंही मोठं असतं. १०० अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे १.४ किलोवॅट, अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्म्याच्या थोडी वर, त्यामुळे इंजिनाकडून साडेतीन अश्वशक्ती जातात. साधा व्ही-बेल्ट ७०-८० अँपिअरपुढे घसरू लागतो, म्हणून मोठ्यांना बारीक खाचांचा रुंद बेल्ट लागतो. इंजिनखोलीत काळी भुकटी साचलेली दिसली की बेल्ट झिजतो आहे असं समजावं.

आता वायरी. बोट लांबलचक आणि बॅटऱ्या मागच्या टोकाला, त्यामुळे अंतर इथला मोठा शत्रू. फ्रीज १५ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. घरातल्यासारखी २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर ५ अँपिअरला एक व्होल्टच्या वर गळती. १० चौरस मिलिमीटरची ओढली तर पाव व्होल्ट. २३० व्होल्टच्या घरात एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही; १२ व्होल्टमध्ये तो बारावा हिस्सा असतो. बोटींवरच्या फ्रीजमध्ये हमखास आढळणारा डॅनफॉसचा कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला स्वतःहून बंद पडतो, म्हणजे बॅटरी ठीक असूनही बारीक वायरीपायी फ्रीज मान टाकू शकतो. अल्टरनेटरच्या वायरीचंही तेच. १७५ अँपिअर, जाऊन-येऊन सहा मीटर: ३५ चौरस मिलिमीटरमध्ये अर्धा व्होल्ट जातो, ७० मध्ये त्याच्या निम्मा.

बॅटऱ्या एकमेकींना जोडण्यातही खोच आहे. चार बॅटऱ्या समांतर जोडल्या आणि धन-ऋण दोन्ही वायरी एकाच टोकाच्या बॅटरीवरून घेतल्या, तर काम सारखं वाटलं जात नाही. प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम आणि प्रत्येक जोडवायरीचा ०.००१५ ओहम धरून हिशेब मांडला, तर १०० अँपिअरच्या भारात जवळची बॅटरी ३६ देते आणि लांबची जेमतेम १८. जवळची आधी दमते, आधी मरते, आणि मरताना बाकीच्यांना ओढते. उपाय फुकट: धन वायर एका टोकावरून, ऋण दुसऱ्या टोकावरून. मग हाच भार २७, २३, २३, २७ असा वाटला जातो. एक वायर काढून दुसऱ्या नटावर लावायची, एवढंच काम.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण त्याने वाचवायची असते ती वायर. ऋण बाजूला कालव्याचं स्वतःचं एक पथ्य आहे: पोलादी तळ परतीच्या वाटेसारखा वापरायचा नाही. दोन्ही वायरी पूर्ण ओढायच्या आणि ऋण एकाच ठिकाणी तळाला जोडायचं. तळातून प्रवाह भटकू लागला तर पाण्याखाली पोलाद खाल्लं जातं. दर चार वर्षांनी ‘बोट सेफ्टी स्कीम’चा तपासनीस येतो. बॅटऱ्या घट्ट बसवल्या आहेत ना, टर्मिनल झाकली आहेत ना, आयसोलेटर आहे ना, हे तो पाहतो. त्या पुरेशा भरतात की नाही, हे त्याच्या कामात बसत नाही.

ते बघायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. ब्रॉन्स्टनजवळ, जिथे ऑक्सफर्ड कालवा ग्रँड युनियनला मिळतो, तिथे बांधलेली एखादी बोट डोळ्यांसमोर आणू. इंजिन मध्यम वेगावर चालू, आदल्या रात्रीच्या खर्चाने बॅटऱ्या भुकेल्या, वायरीभोवती धरून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर ६० अँपिअर दाखवतो आहे. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या धन बोल्टवर, दुसरी घरगुती बॅटरीच्या धन टर्मिनलवर. आकडा ०.१-०.२ आला तर वाट मोकळी. ०.६ आला तर एकेक सांधा पुढे सरकत जायचं: बोल्ट ते लग, लग ते स्विच, स्विचच्या अलीकडे-पलीकडे. कुठेतरी आकडा एकदम उडी मारतो. तिथे हात लावला तर नट कोमट असतो. खोलून पाहिलं तर लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये कुणीतरी स्टेनलेस स्टीलचा वॉशर घातलेला सापडतो. वॉशर लगच्या वर हवा, खाली नव्हे. तांब्याने शिशाला थेट टेकायला हवं. मग हीच चाचणी ऋण बाजूला करायची, अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत. ही बाजू बहुतेक जण विसरतात. इंजिन रबराच्या पायांवर उभं असतं आणि सगळा प्रवाह एका गंजलेल्या पट्टीतून परत येत असतो.

अशी गळती भरून काढायला एकेकाळी बाहेरचे रेग्युलेटर निघाले. ॲडव्हर्क आणि स्टर्लिंग ही नावं ब्रिटिश बोटवाल्यांच्या तोंडी त्यामुळेच बसली. व्होल्टेज थेट बॅटरीवरून वाचायचं आणि रोटरला त्याप्रमाणे जोर द्यायचा, ही त्यामागची कल्पना. लुकास ए-१२७ सारख्या जुन्या, कमी व्होल्टेजवर थांबणाऱ्या अल्टरनेटरना त्याने नवं आयुष्य मिळालं. आजचे अल्टरनेटर मुळातच १४.२ ते १४.५ देतात, त्यामुळे शिशाच्या बॅटऱ्यांसाठी या खोक्याचा फायदा थोडाच उरला आहे. शिवाय बॅटरीपर्यंत जाणारी बारीक मोजवायर सुटली, तर बचाव नसलेला रेग्युलेटर बॅटऱ्या उकळवूही शकतो.

गेल्या दहाएक वर्षांत लिथियम आयर्न फॉस्फेट आलं आणि वादाचं तोंडच फिरलं. ही बॅटरी काठोकाठ भरावी लागत नाही. अर्धवट भरलेली राहिली तर उलट तिला बरंच वाटतं. ८०-९० टक्के वापरता येते, आणि शेवटपर्यंत प्रवाह जवळजवळ त्याच जोराने ओढत राहते. शेवटच्या २० टक्क्यांचे ते रेंगाळणारे तास नाहीसे होतात; दीड-दोन तास इंजिन चालवलं तरी दिवसाचा खर्च सुटतो.

पण ज्या संयमामुळे शिशाची बॅटरी रडवत होती, तोच संयम अल्टरनेटरला वाचवत होता. अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तासन्‌तास चालेल असं गृहीत धरून बनवलेलाच नसतो. इंजिन मंद फिरत असताना त्याचा पंखाही मंद असतो. लिथियम मागतच राहतं, तांबं तापतं आणि वार्निशचा वास येऊ लागतो. दुसरा धोका बॅटरीच्या पोटातल्या राखणदार सर्किटचा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं किंवा पाणी गोठेल इतकी थंडी पडली की ते बॅटरीच तोडतं, आणि चालू अल्टरनेटर एका क्षणात निराधार होतो. चालू इंजिनात स्विच फिरवला की होत होतं, तसंच.

त्यावर सध्या तीन वाटा आहेत. पहिली, बॅटरी-ते-बॅटरी चार्जर: अल्टरनेटर सेल्फच्या शिशाच्या बॅटरीला जोडायचा आणि तिथून ३० किंवा ६० अँपिअर मोजून लिथियमला द्यायचे. सुरक्षित, पण १७५ अँपिअरचा अल्टरनेटर असलेल्याला हे म्हणजे विहिरीला वाटी लावून पाणी काढणं. दुसरी, बाहेरच्या रेग्युलेटरचा पुनर्जन्म: वेकस्पीड किंवा बालमारचे नवे रेग्युलेटर अल्टरनेटरचं तापमान बघून रोटरचा जोर कमी करतात. पूर्वी ज्याने अल्टरनेटर पळवला, तोच आता त्याला आवरतो. तिसरी वाट मिश्र संसाराची: लिथियमच्या शेजारी एक शिशाची बॅटरी कायम समांतर, म्हणजे लिथियम तुटलं तरी अल्टरनेटरला टेकायला काहीतरी राहतं. काही जण जाणूनबुजून बारीक वायर वापरून प्रवाह दाबतात. त्यात गळती उष्णतेच्या रूपाने इंजिनखोलीत साठते, म्हणून ती वाट फारसे जाणकार सुचवत नाहीत. फ्यूजचा प्रश्नही नव्याने उभा राहतो. लिथियमचा शॉर्ट-सर्किट प्रवाह हजारो अँपिअरचा. साधा मेगा फ्यूज २,००० च्या आसपास तोडू शकतो, म्हणून तिथे २०,००० तोडणारा टी-वर्गाचा फ्यूज लागतो.

कोणाला काय शोभतं, हे बोट कशी वापरली जाते त्यावर ठरतं. उन्हाळ्यात आठवडाभर रोज सहा तास भटकणाऱ्या बोटीला शिशाच्या बॅटऱ्या, एक योग्य मापाचा रिले आणि जाड तांबं एवढं बस्स होतं. प्रवासातच त्या भरतात. १४ दिवस एका जागी बांधून हिवाळ्यात राहणाऱ्याला लिथियम परवडतं, कारण तिथे प्रत्येक वाचलेला इंजिन-तास म्हणजे लिटरभर डिझेल. मात्र त्याने बॅटरीच्या आधी अल्टरनेटरची सोय लावायला हवी. आणि दोघांच्याही बाबतीत, नव्या बॅटऱ्या मागवण्याआधी, एका संध्याकाळी सात वाजता, अजून तासभर इंजिन चालवायची मुभा असताना, मीटरच्या दोन सुया घेऊन इंजिनखोलीत उतरायला हवं. त्या स्टेनलेस वॉशरपायी कालव्यावर आजवर किती बॅटऱ्या भंगारात गेल्या, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.